गटबाजी आहे म्हणून कृपादान पुरून ठेवायचे का?



कोणत्याही धर्मग्रामात काही वाक्ये धर्मगुरूंच्या कानी पुन्हा पुन्हा पडतात. "फादर, गायला मला आवडतं, पण त्या गटात मी पाय ठेवणार नाही." "वाचनाची यादी चार घरांतच फिरते, आमचा नंबर कधी लागणार?" "ज्याच्याकडे पैसा, त्याच्याच हातात माईक." आणि सर्वांत जास्त ऐकू येणारे वाक्य म्हणजे, "आधी हे सगळे एक होऊ द्या, मग बोलवा, मी येतो."

या तक्रारी खोट्या असतात असे आम्ही म्हणणार नाही. पुष्कळदा त्यांत तथ्य असते आणि त्यांच्या मागे दुखावलेले मन असते. परंतु त्यांच्या तळाशी एक समजूतही असते. ती अशी की, पवित्र आत्म्याची कृपादाने वापरायची तर आपला समूह आधी एकदिल आणि जगाच्या मोहापासून मुक्त झाला पाहिजे. तोवर आपले दान आपल्यापाशी जपून ठेवलेले बरे.

ही समजूत पवित्र शास्त्राला धरून आहे का? हे पाहण्यासाठी आज आपण करिंथ येथील ख्रिस्ती समूहाची ओळख करून घेऊ या. कृपादानांविषयी नव्या करारातील सर्वांत सविस्तर शिकवण संत पौलांनी याच समूहाला दिली आहे, आणि त्यांनी स्थापन केलेल्या समूहांत भांडणांसाठी सर्वांत जास्त कानउघाडणीही बहुधा याच समूहाची झाली आहे.

पैशाचे आणि मानाचे शहर

करिंथ हे ग्रीस देशात, दोन समुद्रांच्या मधल्या चिंचोळ्या जमिनीवर वसलेले शहर. एका बाजूला लेखायन आणि दुसऱ्या बाजूला किंख्रिया अशी त्याची दोन बंदरे होती. इ.स.पूर्व १४६ मध्ये रोमन सैन्याने हे शहर उद्ध्वस्त केले. पुढे इ.स.पूर्व ४४ मध्ये जुलियस सीझरने तेथे नवी रोमन वसाहत वसवली. गुलामीतून मुक्त झालेले लोक, व्यापारी व कारागीर तेथे येऊन राहिले. जुने घराणे कमी आणि नवा पैसा जास्त, असे ते शहर होते. माणूस किती मिळवतो, कोणा मोठ्याच्या ओळखीचा आहे आणि चारचौघांत कसा बोलतो, यावर त्याची किंमत ठरत असे.

सुमारे इ.स. ५० मध्ये संत पौल तेथे आले. सम्राट क्लौद्याच्या हुकुमामुळे रोम सोडून आलेल्या अक्विला आणि प्रिस्किल्ला या दाम्पत्याच्या घरी ते राहिले व त्यांच्याबरोबर तंबू बनवण्याचे काम करू लागले. दीड वर्ष त्यांनी तेथे सुवार्ता सांगितली (प्रेषितांची कृत्ये १८:१-११). याच काळात त्यांना गल्लियो या रोमन अधिकाऱ्याच्या न्यायासनापुढे उभे करण्यात आले. डेल्फी येथे सापडलेल्या एका शिलालेखावरून गल्लियोचा कार्यकाळ इ.स. ५१-५२ च्या सुमारास ठरवता येतो. म्हणजे हा सर्व खराखुरा इतिहास आहे, कोणी रचलेली बोधकथा नव्हे.

काही वर्षांनी संत पौल इफिस येथे असताना क्लोए नावाच्या स्त्रीच्या घरची माणसे करिंथची बातमी घेऊन आली. बातमी चांगली नव्हती. कोणी म्हणे मी पौलाचा, कोणी अपोल्लोसचा, कोणी केफाचा, तर कोणी थेट ख्रिस्ताचा (१ करिंथ १:११-१२). भाऊ भावाला कोर्टात खेचत होता (अध्याय ६). प्रभुभोजनासाठी सर्व एकत्र जमत, पण ज्यांच्याकडे होते ते आधीच खाऊन पिऊन तृप्त होत आणि गरीब माणूस उपाशी राही (अध्याय ११). ज्यांना भिन्न भाषेत बोलण्याचे दान मिळाले होते, ते इतरांपेक्षा स्वतःला वरचढ समजू लागले होते (अध्याय १२ ते १४).

शहरातला पैशाचा आणि मानाचा तराजू त्यांनी प्रार्थनेच्या जागी आणून ठेवला होता. प्रापंचिकपणा म्हणजे केवळ नाचगाणी, मद्यपान किंवा लग्नातला बडेजाव नव्हे. माणसाची किंमत जगाच्या मापाने करायची आणि तेच माप वेदीपाशी घेऊन यायचे, हा त्याचा सर्वांत खोल प्रकार आहे.

एकाच पत्रातील दोन गोष्टी

आता एका गोष्टीकडे लक्ष द्या. पत्राच्या सुरुवातीलाच संत पौल देवाचे आभार मानतात आणि म्हणतात की, करिंथकरांना कोणत्याही कृपादानाची उणीव नाही (१:४-७). दोन अध्याय पुढे गेल्यावर तेच संत पौल त्यांना सांगतात की, तुमच्याशी आध्यात्मिक माणसांशी बोलावे तसे बोलता येत नाही. तुम्ही अजून देहस्वभावाने वागता, ख्रिस्तात तान्ही बाळे आहात, कारण तुमच्यात हेवा आणि भांडणे आहेत (३:१-३).

दोन्ही गोष्टी एकाच समूहाविषयी आहेत आणि दोन्ही खऱ्या आहेत. भांडणे आहेत, म्हणून तुमची दाने खोटी आहेत, असे संत पौल म्हणत नाहीत. दाने आहेत, म्हणून तुमची भांडणे चालतील, असेही ते म्हणत नाहीत.

धर्मगुरू होण्यासाठी अभ्यास करताना आम्ही संत थॉमस अक्वायनस (१२२५-१२७४) यांनी स्पष्ट केलेला एक भेद शिकलो. तो येथे उपयोगी पडतो. काही कृपा माणसाला स्वतःला देवाच्या जवळ नेते, त्याला पवित्र करते. दुसरी कृपा माणसाला दिली जाते ती इतरांना देवाकडे नेण्यासाठी. कृपादाने या दुसऱ्या प्रकारात मोडतात. म्हणून उत्तम प्रवचन देणारा मनाने कोरडा असू शकतो. प्रभू येशूने तर स्पष्ट इशारा दिला आहे की, त्याच्या नावाने चमत्कार केलेल्या काही लोकांनाही तो शेवटच्या दिवशी ओळख देणार नाही (मत्तय ७:२२-२३). दान मिळाले म्हणजे पावित्र्याचे प्रमाणपत्र मिळाले असे नव्हे.

याची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. दान आपल्या पुण्याईवर मिळालेले नसते, म्हणून आजूबाजूच्या लोकांच्या अपुरेपणामुळे ते निरुपयोगीही होत नाही. वाडीला पाणी देताना पाट फुटला तर कोणी विहीर बुजवत नाही. फावडे घेऊन पाट बांधून काढतो आणि पाणी पुढे जाऊ देतो. पाणी विहिरीचे, पाट आपला. समूहातील फूट म्हणजे फुटलेला पाट आहे.

बंद करा नव्हे, नीट करा

करिंथमध्ये इतका गोंधळ पाहून एखाद्या व्यवस्थापकाने काय केले असते? सगळे गट बरखास्त केले असते, सर्व दानांवर बंदी घातली असती. संत पौलांनी तसे केले नाही. उलट दानांची इच्छा धरण्यास सांगून त्यांनी ती वापरण्याची शिस्त लावून दिली. तिचे चार भाग आपल्याला दिसतात.

पहिला: येशू प्रभू आहे हे ज्यातून प्रकट होते, तेच आत्म्याचे (१२:३). एखाद्या सेवेतून येशूपेक्षा सेवा करणाऱ्याचेच नाव मोठे होत असेल, तर थांबून विचार करावा.

दुसरा: दान प्रत्येकाला मिळते, पण सर्वांच्या हितासाठी (१२:७). देणगीवर आपले नाव कोरता येते. कृपादानावर मात्र नाव असलेच तर ते देणाऱ्या आत्म्याचे असते.

तिसरा: प्रीती. अध्याय १३ आपण बहुतेक वेळा लग्नाच्या मिस्सात ऐकतो आणि तो नवरा-नवरीसाठी लिहिला असावा असे वाटते. प्रत्यक्षात तो दानांवरून भांडणाऱ्या धर्मग्रामासाठी, दानांच्या दोन अध्यायांच्या मधोमध लिहिला गेला. प्रीतीशिवाय सर्वांत मोठे दानही रिकाम्या आवाजाच्या पितळेसारखे आहे, असे संत पौल तेथे सांगतात. प्रीती हा दानांचा पर्याय नाही. ती दाने वापरण्याची रीत आहे.

चौथा: सुव्यवस्था. बोलायचे तर दोघांनी किंवा फार तर तिघांनी, तेही एकामागून एक. इतरांनी ते पारखावे. आणि बसलेल्या दुसऱ्याला काही सांगायचे सुचले तर बोलणाऱ्याने गप्प व्हावे (१४:२७-३१). यातील शेवटचे वाक्य पुन्हा वाचा. आपल्याकडे दान आहे, आपण चांगले बोलत आहोत, तरीही दुसऱ्यासाठी आपण थांबायचे. माईक सोडता येणे हीसुद्धा आत्म्याचीच सेवा आहे.

पायाचे दुखणे आणि डोळ्याचे दुखणे

शरीराच्या दाखल्यात संत पौलांनी दोन दुखणी सांगितली आहेत. पाय म्हणतो, मी हात नाही, म्हणून मी या शरीराचा नाही (१२:१५). डोळा हाताला म्हणतो, मला तुझी गरज नाही (१२:२१).

डोळ्याचे दुखणे लगेच दिसते. तो गर्व आहे, आणि आपण सर्व त्यावर बोट ठेवतो. पायाचे दुखणे मात्र नम्रतेसारखे दिसते. "आम्ही काय, साधी माणसे. आमच्याशिवाय काय अडतंय?" असे म्हणत माणूस हळूहळू मागच्या बाकावर जातो, मग दाराबाहेर, मग केवळ सणापुरता येतो. पण पाय रुसून बसला तर शरीर लंगडते. ज्याला डोळ्याचा राग आहे तो पाय चालायचे थांबतो, आणि त्रास होतो तो पोटाला, ज्याचा त्या भांडणाशी काही संबंध नव्हता.

आपल्या धर्मग्रामात हे पोट कोण आहे? घरी अंथरुणाला खिळलेली आजी, जिला भेटायला कोणी गेले नाही. धर्मशिक्षणाच्या वर्गातील मुले, ज्यांना शिकवणारे कमी पडले. मृत्यू झालेल्या घरी रात्रीच्या प्रार्थनेला सूर धरणारे कोणी नाही. आपल्या रुसव्याची किंमत बहुतेक वेळा अशा लोकांना मोजावी लागते.

भांडणाच्या गावात उघडे राहिलेले घर

करिंथमध्ये सगळेच भांडत होते का? नाही. पत्राच्या शेवटी, जेथे आपण सहसा वाचणे थांबवतो, तेथे काही नावे आहेत. स्तेफनासच्या घराण्याने श्रद्धावंतांच्या सेवेला वाहून घेतले होते. अशा लोकांचे ऐका, असे संत पौल सांगतात (१६:१५-१६). अपोल्लोसच्या नावाने एक गट उभा राहिला होता; पण संत पौलांनी स्वतः अपोल्लोसला पुन्हा करिंथला जाण्याची फार विनंती केली, आणि अपोल्लोसला त्या वेळी जाण्याची इच्छा नव्हती (१६:१२). अनुयायी भांडत होते, तरी एका पुढाऱ्याला दुसऱ्याचा हेवा नव्हता.

आणखी दोन-तीन वर्षांनी संत पौल पुन्हा त्या भागात आले आणि तेथून त्यांनी रोमकरांस पत्र लिहिले, असे बहुतेक अभ्यासक मानतात. त्या पत्राचा शेवटचा अध्याय पाहा. ज्या गायसने पाहुणचार केला, त्याचे घर साऱ्या ख्रिस्तसभेसाठी उघडे होते. तर्तियसने पत्र लिहून घेतले. शहराचा खजिनदार एरास्त नमस्कार पाठवत होता. आणि किंख्रिया बंदरावरील ख्रिस्तसभेची सेविका फिबी रोमला जायला निघाली होती. तिने अनेकांना, स्वतः संत पौलांनाही, मदत केली होती. हे पत्र तिनेच रोमला नेले असावे असे समजले जाते.

थोडा विचार करा. गायसने म्हटले असते, "आधी चारही गट एक होऊ देत, मग मी दार उघडतो," तर? तर्तियस म्हणाला असता, "इथल्या राजकारणाला मी कंटाळलो," तर? आज जगभर मिस्सामध्ये वाचले जाणारे रोमकरांस पत्र अशा लोकांच्या हातून आले, जे फुटीच्या परिसरात राहूनही आपापले काम करीत राहिले. एकाकडे घर होते, एकाकडे सुवाच्य अक्षर, एकीकडे प्रवासाची हिंमत. यातील एकही दान डोळे दिपवणारे नव्हते.

ख्रिस्तसभेची शिकवण

कृपादाने ही फक्त सुरुवातीच्या काळासाठी होती का? हा प्रश्न दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत ऑक्टोबर १९६३ मध्ये निघाला. पालेर्मोचे कार्डिनल रुफिनी यांचे मत होते की, अशी दाने आरंभी भरपूर होती, पुढे ती फार विरळ झाली. बेल्जियमचे कार्डिनल सुएनेन्स यांनी याला उत्तर दिले की, ती ख्रिस्तसभेच्या जीवनाचा नेहमीचा भाग आहेत आणि ती साध्या श्रद्धावंतांनाही मिळतात. १९६४ साली परिषदेने ख्रिस्तसभेविषयीच्या संविधानात (परिच्छेद १२) हेच शिकवले. पवित्र आत्मा सर्व स्तरांतील श्रद्धावंतांना दाने वाटतो, काही असामान्य, काही अगदी साधी. ती पारखण्याची जबाबदारी धर्माधिकाऱ्यांची आहे. पण आत्म्याला विझवण्याचा अधिकार त्यांना नाही. १९६५ साली प्रापंचिकांच्या प्रेषितकार्याविषयीच्या दस्तऐवजात (परिच्छेद ३) त्याच परिषदेने सांगितले की, मिळालेले दान वापरणे हा प्रत्येक श्रद्धावंताचा हक्क आहे आणि कर्तव्यही आहे.

हक्क आणि कर्तव्य हे दोन शब्द एकत्र धरा. हक्क असल्यामुळे कोणताही गट, कोणताही पदाधिकारी, कोणताही धर्मगुरू दुसऱ्याचे दान अडवून ठेवू शकत नाही. कर्तव्य असल्यामुळे आपण स्वतःही ते अडवून ठेवू शकत नाही.

मग आपण काय करावे?

प्रथम, आपले दान ओळखावे. संत पौलांच्या यादीत आजारी बरे करण्याच्या दानाशेजारीच मदत करणे आणि व्यवस्था पाहणे ही दाने आहेत (१२:२८). हिशेब चोख ठेवणे, ख्रिस्तमंदिर झाडून ठेवणे, आजाऱ्याशेजारी शांत बसणे, दोन रुसलेल्या घरांत समेट घडवणे, हे सर्व त्यात येते.

दुसरे, एका दारातून जाणे कठीण झाले असेल तर दुसऱ्या दाराने सेवा सुरू ठेवावी. एखाद्या गटात मन इतके दुखावले असेल की काही काळ तेथे उभे राहवत नाही, हे आम्ही समजू शकतो. त्या काळात आजाऱ्यांच्या भेटी आहेत, व्हिन्सेंट डी पॉल संघटनेचे काम आहे, आपल्या आळीतील प्रार्थना आहे. फक्त रागाच्या भरात तिसरा गट काढू नये.

तिसरे, जागा मोकळी करावी. जे वर्षानुवर्षे वाचतात, गातात, पुढे असतात, त्यांनी दरवर्षी किमान एक नवी व्यक्ती तयार करावी. आपल्यामागे कोणी तयार नसेल, तर आपण सेवा केली की जागा राखली, हे स्वतःला विचारावे.

चौथे, तक्रार ज्याच्याविषयी आहे त्याच्याशी आधी एकट्याने बोलावे (मत्तय १८:१५); व्हॉट्सअ‍ॅपवर किंवा ख्रिस्तमंदिराच्या पायऱ्यांवर नव्हे. मात्र पैशाचा अपहार, अन्याय किंवा कोणाला इजा होत असेल, तर एकोप्याच्या नावाखाली गप्प बसू नये. संत पौलांनीही गंभीर पाप झाकून ठेवू दिले नाही (अध्याय ५). अशी गोष्ट जबाबदार अधिकाऱ्यांपुढे मांडणे हीसुद्धा समूहाची सेवा आहे.

पाचवे, आम्हा धर्मगुरूंसाठी. पारखणे आमच्याकडे आहे, पण पारखायचे तर आधी पाहावे लागते. मागच्या बाकावरच्या माणसाकडे काय आहे हे विचारायला आम्ही त्याच्यापर्यंत गेले पाहिजे.

शेवटी करिंथचे काय झाले?

तेथील भांडणे एका पत्राने संपली नाहीत. सुमारे इ.स. ९६ मध्ये रोमचे संत क्लेमेंत यांच्या नावाने ओळखले जाणारे पत्र पुन्हा करिंथला गेले, कारण तेथे काही वडील सेवकांना पदावरून दूर करण्यात आले होते. पण आणखी सत्तर-पंचाहत्तर वर्षांनी, सुमारे इ.स. १७० मध्ये, करिंथचे बिशप दिओनिसियुस यांनी रोमला कळवले की, क्लेमेंत यांचे ते पत्र आमच्याकडे अजूनही प्रभूच्या दिवशी वाचले जाते. ज्या पत्रात आपल्याच वाडवडिलांची कानउघाडणी आहे, ते त्या लोकांनी लपवले नाही. पिढ्यान् पिढ्या सर्वांसमोर वाचले. अशा ठिकाणी पवित्र आत्म्याने काम थांबवले होते असे कोण म्हणेल?

आपला धर्मग्रामही परिपूर्ण नाही आणि उद्याच्या रविवारपर्यंत तो परिपूर्ण होणार नाही. तरी स्नानसंस्कारात व दृढीकरण संस्कारात मिळालेला आत्मा तोच आहे. त्याने दिलेले दान आपण कोणासाठी राखून ठेवले आहे, याचा विचार या आठवड्यात प्रत्येक घरात व्हावा, अशी आमची प्रार्थना आहे.

कुटुंबात आणि आळीच्या प्रार्थनेत चर्चेसाठी

१. आपल्या घरातील प्रत्येक व्यक्तीचे एक दान इतरांनी सांगावे.

२. रागामुळे किंवा संकोचामुळे आपण कोणती सेवा सोडली आहे? त्यामुळे कोणाचे नुकसान झाले?

३. आपल्यामुळे कोणाचे दान अडून राहिले आहे का? या आठवड्यात त्याला कोण भेटणार?

प्रार्थना: हे पवित्र आत्म्या, आमच्यातील डोळ्याला नम्र कर आणि रुसलेल्या पायाला धीर दे. तू दिलेले दान आम्ही आमच्या भांडणात अडकवून ठेवू नये, तर ज्याला त्याची गरज आहे त्याच्यापर्यंत ते पोहोचवावे, अशी कृपा आम्हांला दे. आमेन.